थंडीच्या दिवसांत झोळीतील शिशूची ऊब
(जव्हार-मोखाडा परिसरातील व्यवसायबंधूंसाठी अभ्यासपाठ)

प्रस्तावना

जव्हारलगतचा शिरपामाळ सर्वांच्या परिचयाचा आहे. सुरतेच्या स्वारीस जाताना छत्रपती शिवाजी महाराजांनी येथे मुक्काम केला व जव्हारच्या राजांनी त्यांचे स्वागत केले, अशी परंपरा आहे. सुरतेची ती स्वारी जानेवारी 1664 मधील, म्हणजे ऐन हेमंतातील. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीच्या या पठारावर हेमंत व शिशिरात दुपारचे ऊन चांगलेच तापते. मात्र सूर्यास्तानंतर हवा झपाट्याने गार होते आणि उघड्या माळावर वाऱ्याला अडसर राहत नाही. कुडाच्या भिंतींच्या फटींतून तोच वारा घरातही येतो.

याच दिवसांत येथील लहान मुलांचा प्रवास सर्वाधिक असतो. भाताची झोडणी उरकली की दिवाळीनंतर अनेक कुटुंबे भिवंडी, वसई, कल्याणकडे वीटभट्ट्यांवर जातात. महिना-दोन महिन्यांची बाळे आईच्या झोळीत बांधून नेली जातात. बाजार, दवाखाना, लसीकरणाचा दिवस, सर्वत्र झोळी सोबत असते. अलीकडे ती मोटरसायकलवरही असते. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील 1992-93 चे बालमृत्यू आपण विसरलेलो नाही. कमी वजनाच्या बाळाला केवळ भूक मारत नाही. भूक, जंतुसंसर्ग आणि थंडी ही तिन्ही एकमेकांना हात देतात. त्यांपैकी थंडी ही अशी गोष्ट आहे की, तिचा प्रतिकार घरातल्या घरात, पैसा न खर्चता करता येतो. तो कसा करावा, हे सांगण्याची पहिली संधी पुष्कळदा आपल्याला, म्हणजे गावातील वैद्याला व औषधी दुकानदाराला मिळते. प्रस्तुत लेखाचे प्रयोजन एवढेच.

शिशू थंड का पडते?

वजनाच्या मानाने नवजाताच्या त्वचेचे क्षेत्रफळ प्रौढाच्या सुमारे तिप्पट असते. त्यात डोक्याचा वाटा मोठा असतो. थंडी वाजली की आपण कुडकुडतो व त्यातून उष्णता निर्माण होते. नवजात शिशूला ही सोय जवळजवळ नसते. मान, खांदे व पाठीच्या भागात असलेला तपकिरी मेद जाळून ते आपली उष्णता राखते. अपुऱ्या दिवसांच्या व 2500 ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळात हा साठा तुटपुंजा असतो. आपल्या परिभाषेत सांगायचे तर मांस-मेद अल्प, अग्नी दुर्बल आणि बाहेरून शीत-रूक्ष गुणांचा आघात, अशी ही वातप्रकोपाची सज्ज भूमी आहे.

उष्णता चार वाटांनी जाते. ओल्या त्वचेवरून व ओल्या लंगोटातून बाष्पीभवनाने, गार वस्तूच्या स्पर्शाने, वाहत्या वाऱ्याने आणि जवळच्या गार भिंतीकडे होणाऱ्या उत्सर्जनाने. झोळीतील बाळाच्या बाबतीत पहिली व तिसरी वाट विशेष महत्त्वाची. भिजलेला लंगोट आणि मोटरसायकलचा वारा एकत्र आले, तर वरून दोन शाली असूनही बाळ गार पडू शकते.

थंड पडलेले बाळ प्रथम चुळबुळ करते, किरकिर करते. पुढे ते गप्प होते, दूध ओढणे कमी करते, हातपाय गार व निळसर पडतात, श्वास मंदावतो. ऊब राखण्यासाठी साखर खर्ची पडल्याने रक्तातील साखर उतरते. या टप्प्यावर घरची माणसे समाधानाने सांगतात की, “बाळ शहाणे आहे, मुळीच रडत नाही.” थंडीच्या दिवसांत हे वाक्य कानी पडताच वैद्याने बाळाच्या पोटाला हात लावावा.

ग्रंथांतील निर्देश

चरकाचार्यांनी शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात कुमारागाराचे वर्णन केले आहे. ते निवात असावे, पण प्रवातैकदेश, म्हणजे एका अंगाने वारा खेळता असलेले असावे, असा त्यांचा आग्रह आहे. झोळीला हा नियम तंतोतंत लागू पडतो: अंगाला वारा नको, नाकातोंडाला हवा हवी. मलमूत्राने वा घामाने दूषित झालेली वस्त्रे टाकून द्यावीत. दुसरी उपलब्ध नसतील तर तीच नीट धुऊन, धूप देऊन, पूर्ण वाळवून वापरावीत, असेही तेथे सांगितले आहे. दोनच दुपटी असलेल्या घरासाठी याहून व्यवहार्य सल्ला कोणता असणार?

त्याच ठिकाणी यव, सर्षप, अतसी, हिंगू, गुग्गुळ, वचा इत्यादींचे धूपन सांगितले आहे ते वस्त्रे, अंथरुणे व पांघरुणे यांच्यासाठी. बाळालाच धुरावर धरण्याची जी रीत घरोघर रूढ आहे तिला या निर्देशाचा आधार देता येत नाही. सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानाच्या दहाव्या अध्यायात बालकास क्षौम वस्त्रात गुंडाळून क्षौमाच्याच अंथरुणावर निजवण्यास सांगितले आहे. मऊ, हलके, कोरडे व स्वच्छ असे वस्त्र, हा या सर्व निर्देशांचा गाभा आहे. आज क्षौमाच्या जागी वापरून मऊ झालेले सुती लुगडे उत्तम.

त्वचेला त्वचा

ग्रंथांनी वस्त्र व गृह सांगितले. आधुनिक निरीक्षणाने त्यात मातेच्या देहाची भर घातली. कोलंबियातील बोगोटा येथे 1978 मध्ये उबपेट्या अपुऱ्या पडू लागल्यावर डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी कमी वजनाची बाळे आईच्या छातीशी उघड्या अंगाने बांधून ठेवण्यास प्रारंभ केला. हीच आज ‘कांगारू मातृसेवा’ म्हणून ओळखली जाते. भारतासह पाच देशांत झालेल्या व 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 1 ते 1.8 किलो वजनाच्या बाळांना जन्मानंतर लगेच ही सेवा दिली असता पहिल्या 28 दिवसांतील मृत्यू सुमारे एक-चतुर्थांशाने कमी झाले. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये अपुऱ्या दिवसांच्या व कमी वजनाच्या सर्व बाळांसाठी दिवसाकाठी 8 ते 24 तास ही सेवा देण्याची शिफारस केली.

झोळीच्या दृष्टीने यातील मर्म एकच. झोळी ऊब निर्माण करीत नाही; ऊब आई देते आणि झोळीने ती राखायची असते. आपल्याकडे बाळाला आधी झबले, दुपटे, गोधडी यांत गुंडाळतात व मग ते गाठोडे आईच्या चोळी-लुगड्यावरून बांधतात. अशा वेळी आई आणि बाळ यांच्यामध्ये चार कापडे येतात व आईची उष्णता बाळापर्यंत पोहोचत नाही. कापडे तीच ठेवून केवळ क्रम बदलावयाचा आहे: बाळ आत, कापडे दोघांच्या बाहेर. उत्तर ध्रुवालगतच्या इन्यूइट स्त्रिया ‘अमाउती’ नावाच्या अंगरख्यात बाळाला स्वतःच्या पाठीशी, त्याच अंगरख्याच्या आत ठेवतात. जगातील अतिशीत प्रदेशातही युक्ती हीच आहे.

झोळी बांधण्याची पद्धती

1. बाळाला कोरडा लंगोट, टोपडे व पायमोजे घालावेत. तीन महिन्यांच्या आतील किंवा कमी वजनाच्या बाळाचे पोट व छाती उघडी ठेवून आईच्या उघड्या छातीवर, दोन स्तनांमध्ये, उभे धरावे.

2. मांड्या बेडकासारख्या फाकलेल्या व गुडघे वाकलेले असावेत. पाय सरळ ताणून आवळल्याने खुब्याचा सांधा निखळण्याचा धोका असतो.

3. डोके एका कुशीला वळलेले, हनुवटी छातीपासून किमान दोन बोटे वर असावी. मान पुढे दुमडली तर श्वास अडतो.

4. मऊ सुती लुगड्याने बाळाच्या कानाच्या खालच्या पातळीपर्यंत घट्ट बांधावे. आई वाकली तरी बाळ खाली घसरू नये.

5. त्यावर आईचा पदर, आणि सर्वांत बाहेर शाल किंवा घोंगडी, दोघांना मिळून. बाळाचे नाकतोंड आईला मान खाली करताच दिसले पाहिजे. तोंडावर पदर ओढू नये.

6. तीन-चार महिन्यांवरील सुदृढ बाळ कपड्यांसह झोळीत घेतले तरी चालते. आपल्या अंगावर जितके थर, त्याहून एक अधिक, हे प्रमाण. कान झाकणारी कुंची किंवा कानटोपी आणि लोंबत्या पायांना मोजे आवश्यक. अशा बाळाला पाठीशी बांधायचे असल्यास दुसऱ्या कोणी वेळोवेळी त्याचे तोंड पाहावे.

7. दुपारी मानेच्या मागे घाम लागला तर एक थर काढावा. घामाने भिजलेले कापड संध्याकाळी तेच बाळाला गार करते.

आई दमली असता वडील, आजी किंवा मावशी यांनीही बाळ छातीशी घ्यावे. घरातील कोणाही निरोगी माणसाची छाती हे काम करते. मात्र धूम्रपान वा मद्यपान केलेल्याने घेऊ नये, आणि बाळ छातीशी असताना झोप येऊ लागल्यास दुसऱ्याच्या हाती द्यावे.

अभ्यंग करावयाचा तर उन्हे वर आल्यावर, निवात जागी, कोमट तेलाने करावा व तेल पुसून मगच बाळ झोळीत घ्यावे. जन्मानंतर किमान 24 तास स्नान नको. कमी वजनाच्या बाळाचे स्नान त्याहून पुढे ढकलून अंग कोमट ओल्या फडक्याने टिपून घ्यावे. मोटरसायकलवरचा पहाटेचा प्रवास टाळावा, एस.टी. वा जीप नसेल तर ऊन पडल्यावर निघावे.

चिकित्सालयातील परीक्षण

हाताची पाठ प्रथम बाळाच्या पोटाला, मग तळपायाला लावावी. दोन्ही उबदार असल्यास बाळ ठीक आहे. पोट उबदार व तळपाय गार असल्यास थंडीचा ताण आहे. दोन्ही गार असल्यास बाळ थंड पडले आहे.

त्यानंतर काखेत तापमापक लावावा. 36.5 ते 37.5 अंश सेल्सिअस (97.7 ते 99.5 फॅरनहाइट) हे प्राकृत. 35.5 ते 36.4 असल्यास तेथेच त्वचेला त्वचा लावून, स्तनपान देऊन एक तासाने पुन्हा मोजावे. वाढ न झाल्यास रुग्णालयात पाठवावे. 35.5 च्या खाली असल्यास वाट पाहू नये. दोन महिन्यांच्या आतील बाळात ते गंभीर जंतुसंसर्गाचेही लक्षण असू शकते. दूध न ओढणे, झटके, छाती आत ओढली जाणे, मिनिटास 60 वा अधिक श्वास, उठवूनही न उठणे, यांपैकी काहीही असल्यास तापमान प्राकृत असले तरी हाच नियम लागू आहे.

औषधी दुकानदारांसाठी

थंडीत दुकानात येणारी आजी “बाळाला सर्दी झाली, काहीतरी चोळायला द्या” असे म्हणते. कापूर, पुदिन्याचे सत्त्व वा निलगिरी तेल असलेले बाम दोन वर्षांच्या आतील बालकासाठी देऊ नयेत. कापराने झटके येऊ शकतात आणि पुदिन्याच्या सत्त्वाने लहान बाळाचा श्वास अडू शकतो. छातीला ब्रँडी चोळणे वा तिचा थेंब चाटवणे हे घातक आहे: मद्याने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावून ऊब बाहेर जाते व साखर आणखी उतरते. झोप आणणाऱ्या गुटिकाही थंड पडलेल्या बाळास नकोत. निजलेले बाळ दूध पीत नाही. रबरी गरम पाण्याच्या पिशवीने बाळाची त्वचा भाजते. बंद खोलीतील कोळशाच्या शेगडीतून प्राणघातक कर्बवायू साचतो.

याउलट डिजिटल तापमापक, सुती टोपडी, पायमोजे यांचा साठा ठेवावा. पाऱ्याचा जुना तापमापक 35 अंशांपासूनच सुरू होतो, त्यामुळे बाळ त्याहून किती गार आहे हे त्यावर कळतच नाही. गिऱ्हाइकाला वस्तू देताना पोट-तळपायाची परीक्षा करून दाखवावी. अर्ध्या मिनिटाचे काम आहे.

रुग्णालयात नेताना

पाड्यावरून जव्हारच्या पतंगशहा कुटीर रुग्णालयापर्यंतची किंवा मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयापर्यंतची वाट, विशेषतः रात्री, लांबते. पुष्कळ बाळे याच वाटेवर अधिक गार पडतात. म्हणून चिठ्ठी लिहिण्यापूर्वी बाळ आईच्या छातीशी बांधून द्यावे. 108 ला दूरध्वनी करावा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमान्वये 2011 पासून आजारी शिशूची ने-आण व शासकीय रुग्णालयातील उपचार विनामूल्य आहेत, हे कुटुंबास सांगावे. ओढत असल्यास वाटेत स्तनपान चालू ठेवावे. चिठ्ठीवर तापमान, वेळ व शेवटचे दूध केव्हा घेतले ते लिहावे.

घरी परतलेल्या बाळाची पुढील देखभाल आशा कार्यकर्तीच्या गृहभेटींतून होते. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीत गावातील प्रशिक्षित स्त्रियांकडून घरोघरी नवजात सेवा दिली व तिचे निष्कर्ष 1999 मध्ये प्रसिद्ध केले. बाळाला उबदार ठेवणे हा तिचा एक मुख्य भाग होता. आपल्या गावच्या आशाताईंना आपला सल्ला कळवावा, म्हणजे घरात दोन वेगळे उपदेश होणार नाहीत.

उपसंहार

झोळी ही या मुलखातील मातांची जुनी, चांगली रीत आहे. ती सोडण्यास सांगण्याचे कारण नाही. बाळ आत, कापडे बाहेर; अंग निवात, नाकतोंड मोकळे; लंगोट कोरडा, पोट उबदार. यंदा दिवाळीनंतर कुटुंबे भट्ट्यांकडे निघण्यापूर्वी प्रत्येक व्यवसायबंधूने आपल्याकडे येणाऱ्या लेकुरवाळ्या मातांना एकदा तरी ही बांधणी स्वतः करून दाखवावी, अशी आमची नम्र विनंती आहे.