पोर्सिलीन खेकडा : जास्त काटक, तरी जास्त धोक्यात



सातवीच्या सामान्य विज्ञानात ‘अनुकूलन’ शिकवताना उंट, निवडुंग, ध्रुवीय अस्वल ही उदाहरणं आपण सगळेच देतो. मुलं ती पाठ करतात आणि एक निष्कर्ष काढून मोकळी होतात : जो जास्त सहन करतो, तो टिकतो. हे अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं समजावून सांगायला एक छोटासा समुद्री जीव फार उपयोगी पडतो. त्याचं नाव पोर्सिलीन खेकडा.

हा खेकडा आहे का?

पोर्सिलीन म्हणजे चिनी माती. कपाचा कान जसा पटकन तुटतो, तसा हा प्राणी शत्रूने पकडल्यावर आपला पाय किंवा नांगी सोडून देतो आणि पळ काढतो. पुढे कात टाकताना तो अवयव पुन्हा वाढतो.

गंमत म्हणजे हा खरा खेकडा नाहीच! शंखात राहणाऱ्या साधू खेकड्याचा हा नातेवाईक. मुलांना चित्र दाखवा आणि पाय मोजायला सांगा. नांग्या सोडल्या तर खऱ्या खेकड्याला चालण्याच्या पायांच्या चार जोड्या दिसतात, याला तीनच. शेवटची जोडी बारीक असते आणि दुमडलेली राहते. अंग साफ करायला ती वापरतात. याच्या मिशाही लांबलचक असतात. वेगळ्या कुळातल्या प्राण्यांना खेकड्याचा आकार येणं, याला १९१६ मध्ये बोराडेल या शास्त्रज्ञाने ‘कार्सिनायझेशन’ असं नाव दिलं.

नांग्या मोठ्या असल्या तरी त्या मुख्यतः भांडायला. जेवण मात्र गाळून! तोंडाजवळचे केसाळ अवयव पंख्यासारखे पाण्यात फिरवून तो सूक्ष्म जीव पकडतो. याच्या सुमारे ३०० जाती आहेत. काही दगडांखाली, काही शिंपल्यांच्या थरात, तर काही समुद्रफुलांच्या आसऱ्याने राहतात. भारताच्या किनाऱ्यावरही याच्या जाती आढळतात.

एका किनाऱ्यावरचे दोन शेजारी

आता अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर चला. तिथे पेट्रोलिस्थिस वंशाच्या दोन जाती राहतात. ‘सिंक्टिपिस’ किनाऱ्याच्या वरच्या भागात, ‘एरिओमेरस’ खाली, जवळजवळ कायम पाण्यात. ओहोटी आली की वरचा खेकडा उघडा पडतो. काही तासांत त्याच्या जागेचं तापमान २० अंशांपर्यंत वाढू शकतं.

जोनाथन स्टिलमन आणि जॉर्ज सोमेरो यांनी या खेकड्यांना हळूहळू ऊब देत त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले. एका ठरावीक तापमानाला ठोके एकदम कोसळतात. ती त्यांची मर्यादा. ढोबळ आकडे असे :

- वरचा खेकडा : मर्यादा ३१ ते ३२ अंश सेल्सिअस. उन्हाळ्यात त्याची जागा तापते तीही ३१ अंशांच्या आसपास.
- खालचा खेकडा : मर्यादा २६ ते २७ अंश. त्याची जागा तापते १६ अंशांच्या आसपास.

काटक कोण? अर्थातच वरचा. पण हातात शिल्लक कोणाकडे? खालच्याकडे सुमारे १० अंश, वरच्याकडे जवळजवळ शून्य!

कोणी म्हणेल, सवयीने वाढेल की सहनशक्ती. स्टिलमन यांनी हेही तपासलं. कॅलिफोर्नियाच्या आखातातल्या आणखी दोन जाती घेऊन त्यांनी खेकड्यांना काही काळ गार आणि कोमट पाण्यात ठेवलं. २००३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष आला : ज्या जाती आधीच जास्त उष्णता सोसतात, त्यांची मर्यादा सवयीने सर्वांत कमी वाढते. म्हणजे वरच्या खेकड्याची शिल्लकही संपलेली आणि वाढवायची सोयही अपुरी.

हा कागदावरचा हिशेब नाही बरं का. जून २०२१ च्या अखेरीस याच किनाऱ्याच्या उत्तर भागात उष्णतेची मोठी लाट आली, तीही भर दुपारच्या ओहोटीत. खडकांवरचे शिंपले थरच्या थर मेले. असे खेकडे ज्या शिंपल्यांच्या आसऱ्याने राहतात, तो आसराच नाहीसा होतो.

वर्गात आणि घरी करून पाहा

१. वरचे आकडे फळ्यावर लिहा. मर्यादेतून जागेचं तापमान वजा करायला सांगा. मग विचारा, ‘समुद्रकिनारा २ अंशांनी तापला तर आधी कोण अडचणीत येईल?’ उत्तर मुलांनाच शोधू द्या.

२. दुपारी मोठ्यांच्या देखरेखीखाली तीन ठिकाणी तापमापक ठेवा : उन्हातल्या दगडावर, त्याच दगडाखाली आणि पाण्याच्या बादलीत. दर अर्ध्या तासाला नोंद घ्या. एकाच अंगणात तीन ‘हवामानं’ सापडतील.

३. चर्चेसाठी प्रश्न : दगडाखालचा जीव बघून झाल्यावर दगड होता तसा परत का ठेवावा?

अनुकूलन ही एकदा मिळवून कायमची खिशात राहणारी गोष्ट नाही. ते ठरावीक परिस्थितीपुरतं असतं. म्हणून पुढच्या वेळी ‘हा प्राणी किती सहन करतो?’ एवढं विचारून थांबू नका. ‘त्याच्याकडे शिल्लक किती आहे?’ हेही विचारा.