बोद्रुम : समुद्रकाठचे एक गाव

तुर्कस्तान हा देश आपल्या पश्चिमेला, इराणच्याही पलीकडे आहे. २०२२ सालापासून आपले नाव 'तुर्किये' असे लिहावे, असे त्याने जगाला कळवले आहे. आपण सवयीने तुर्कस्तानच म्हणू. या देशाच्या नैर्ऋत्य टोकाला, एजियन समुद्राच्या काठी, बोद्रुम नावाचे गाव आहे. एके काळी तेथे कोळी आणि नावाडी राहत. आज दर उन्हाळ्यात देशोदेशीचे लाखो लोक तेथे सुटी घालवायला येतात.

मुंबईहून विमानाने इस्तंबूलला जायचे आणि तेथे विमान बदलून बोद्रुमला. खर्च फार, हे खरे. पण वाचता येऊ लागले की तिकिटाशिवायही बरेच फिरता येते. तेव्हा चला.

तेथली भाषा आपल्याला कळणार नाही. तरी कान उघडे ठेवा. हमालाला ते हमालच म्हणतात. दुकानाला 'द्युक्कान' म्हणतात, मैदानाला 'मेयदान', साबणाला 'साबुन'. लेखणीला 'कालेम' म्हणतात. आपले कलम तेच. 'देफ्तेर' म्हणजे वही. आपले दप्तर त्याचेच भावंड. हे शब्द अरबी-फारसीतून त्यांच्याकडेही गेले आणि आपल्याकडेही आले.

गावात शिरताच किल्ला दिसतो. दोन खाड्यांच्या मधोमध खडक आहे, त्यावर तो उभा आहे. इ.स. १४०२ नंतर थोड्याच वर्षांत ख्रिस्ती लढवय्यांनी तो बांधायला घेतला. १५२३ मध्ये तो तुर्कांच्या हाती आला. त्याच्या भिंती जवळून पाहा. खडबडीत दगडांत मधेच एखादा हिरवट, सुरेख घडवलेला दगड दिसतो. तो येथला नव्हे. तो एका राजाच्या समाधीचा आहे.

त्या राजाचे नाव मौसोलस. तो ख्रिस्तापूर्वी ३५३ साली वारला. तेव्हा या गावाला हालिकार्नासस म्हणत. राजाची समाधी सुमारे ४५ मीटर उंच होती, म्हणजे आजच्या बारा-पंधरा मजली इमारतीएवढी. जुन्या जगातल्या सात आश्चर्यांत तिची गणना होई. मोठ्या समाधीला इंग्रजीत 'मॉसोलियम' म्हणतात, तो शब्द या राजाच्या नावावरूनच आला. ही समाधी दीड हजार वर्षांहून जास्त काळ उभी होती. मग भूकंपांनी ती मोडली. उरलेले दगड किल्ल्याला लागले आणि संगमरवर भट्टीत घालून त्याचा चुना केला. चांगल्या मूर्ती उरल्या होत्या, त्या १८५६-५७ च्या सुमारास इंग्रजांनी खणून लंडनला नेल्या. आज समाधीच्या जागी एक मोठा खड्डा आणि काही पडलेले दगड आहेत. लोक तिकीट काढून तो खड्डा पाहतात. गडाचा दगड उचलून गोठ्याला लावणारे आपल्याकडेही आहेत. त्यांनी हा खड्डा जरूर पाहावा.

आम्हाला विचाराल तर बोद्रुममध्ये पाहण्यासारखी पहिली गोष्ट किल्ल्याच्या आत आहे. तेथे बुडालेल्या जहाजांचे संग्रहालय आहे. ते कसे भरले, हे नीट समजून घेऊ.

या किनाऱ्यावरचे पुष्कळ लोक पूर्वी समुद्रात बुडी मारून स्पंज काढीत. पूर्वी शाळेत कोणाकोणाकडे पाटी पुसायला स्पंजाचा तुकडा असे, तोच हा. स्पंज हा झाडपाला नव्हे. तो समुद्राच्या तळाशी खडकाला चिकटून राहणारा जीव आहे. तो काढायचे काम जिवावरचे. खोल पाण्यात श्वासाबरोबर घेतलेली हवा रक्तात मुरते. माणूस घाईने वर आला की सोडावॉटरची बाटली उघडल्यासारखे रक्तात बुडबुडे येतात. कोणाचे पाय जातात, कोणाचा प्राण जातो. असे कितीतरी पाणबुडे तरुणपणीच लुळे झाले. पुढे १९८६ पासून स्पंजांत रोग पडला आणि तो धंदा जवळजवळ बसला.

तर १९८२ सालची गोष्ट. बोद्रुमपासून बरेच पूर्वेला काश नावाचे गाव आहे. तेथल्या उलुबुरुन टोकाजवळ एक तरुण पाणबुड्या स्पंज शोधत होता. त्याला तळाशी धातूचे चपटे तुकडे दिसले. वर आल्यावर त्याने नावेच्या कप्तानाला सांगितले, की खाली कान असलेली धातूची बिस्किटे पडली आहेत! त्याला ते भंगाराच्या भावाने विकता आले असते. पण जुन्या जहाजांचा शोध घेणारे विद्वान त्या किनाऱ्यावर फिरत. ते पाणबुड्यांना चित्रे दाखवून सांगत, की असे काही दिसले तर आम्हाला कळवा. कप्तानाच्या हे ध्यानात होते. निरोप गेला.

ते तांब्याचे ठोकळे निघाले. त्यांच्या चारी कोपऱ्यांना कानासारखी टोके होती. जहाज सुमारे ३३०० वर्षांपूर्वी बुडाले होते. १९८४ ते १९९४ अशी अकरा वर्षे लोक त्याच्यावर बुड्या मारीत होते. मोजून २२,४१३ बुड्या झाल्या! जहाज ४४ ते ६१ मीटर खोल होते. पन्नास फुटांच्या तीन-चार विहिरी एकीखाली एक ठेवल्या, तर तेवढी खोली होईल. म्हणून एका माणसाला एका वेळी वीस मिनिटेच काम करता येई, आणि तेही दिवसातून दोनदा.

आत काय सापडले? दहा टन तांबे आणि एक टन कथील. आपल्या तांबटांना याचा अर्थ लगेच कळेल. दहा भाग तांबे आणि एक भाग कथील एकत्र वितळवले की कांसे होते. त्या काळी कांस्याच्या तलवारी आणि कुऱ्हाडी करीत. याशिवाय निळ्या काचेचे गोल, हस्तिदंत, काळे लाकूड, सोने, अंजिरे, बदाम आणि डाळिंबेही होती.

आणि एक पाटी होती.

ती लाकडाची, तळहाताएवढी. तिला दोन पाने आहेत आणि मध्ये हस्तिदंताची बिजागरी आहे. पाने खोलगट कोरली आहेत. त्यांत मेण भरायचे, टोकदार काडीने मेणावर लिहायचे आणि काम झाले की पुसून पुन्हा लिहायचे. मेण समुद्राने नेले, त्याबरोबर अक्षरेही गेली. व्यापाऱ्याचा हिशेब होता की घरचे पत्र, हे आता कोणी सांगू शकत नाही. संग्रहालयात लोक सोन्यापुढे गर्दी करतात. आम्ही त्या पाटीपुढे जास्त वेळ उभे राहू.

याच गावात ख्रिस्तापूर्वी पाचव्या शतकात हेरोडोटस जन्मला. पाश्चात्य लोक त्याला इतिहासाचा जनक म्हणतात. ऐकलेले लिहून ठेवायची त्याला भारी हौस. हिंदुस्थानात झाडांना लोकर लागते आणि ती मेंढीच्या लोकरीपेक्षा सरस असते, असे त्याने लिहिले. कापूस त्याच्या लोकांना नवा होता. वऱ्हाडातला शेतकरी हे वाचून हसेल. पण बातमी खरीच होती ना!

आता गावाबाहेर चला. उन्हाळ्यात येथे पाऊस नाही, जो पडतो तो हिवाळ्यात. म्हणून रानात जागोजाग दगडी टाक्या बांधल्या आहेत. वर पांढरा घुमट आणि आत पावसाचे पाणी. त्यांना 'गुम्बेत' म्हणतात. आपला गुंबज शब्द आठवा. शेजारच्या एका खाडीला त्यांच्यावरूनच नाव पडले. टेकडीवर जुन्या पवनचक्क्या आहेत, त्या वाऱ्यावर पीठ दळीत.

बाजारात संत्र्याच्या जातीची लहान, वासाची फळे मिळतात. भोपळवर्गी भाजीच्या फुलांत भात भरून शिजवतात. आपण त्या फुलांची भजी करतो, तेव्हा ही चव काही अगदी परकी लागायची नाही. चहा लहान काचेच्या पेल्यात, बिनदुधाचा.

दुकानांच्या पाट्या पाहिल्यात तर अक्षरे इंग्रजीसारखी दिसतील. पूर्वी तुर्की भाषा अरबी लिपीत लिहीत. १९२८ साली कायद्याने लिपी बदलली. अतातुर्क हे त्यांचे पुढारी. ते स्वतः खडू घेऊन फळ्यासमोर उभे राहिले. १ जानेवारी १९२९ पासून गावोगावी प्रौढांच्या शाळा निघाल्या. सोळा ते पंचेचाळीस वयाच्या बायाबापड्यांनी तेथे नवी अक्षरे गिरवली. जे जुनी लिपी वाचत, त्यांनाही पहिल्या अक्षरापासून सुरुवात करावी लागली.

बाकी वेळ पाण्यावर काढावा. 'गुलेत' नावाच्या लाकडी नावा येथेच बांधतात. सकाळी निघून खाड्याखाड्यांत पोहत संध्याकाळी परत येता येते. जवळच कोस बेट आहे. वैद्यकाचा आद्य गुरू हिप्पोक्रेटिस तेथला. पण ते बेट ग्रीस देशाचे. नावेने तासाभराची वाट, तरी परवाना वेगळा लागतो. जुलै-ऑगस्टात ऊन आणि गर्दी फार असते. मे-जून किंवा सप्टेंबर महिना बरा. सप्टेंबरात समुद्राचे पाणीही कोमट असते.