थिबा राजाचं पिस्तूल आणि इतर थापा

रत्नागिरीत जुन्या वस्तूंचा नाद असलेल्या माणसाकडे ‘थिबा राजाचं पिस्तूल’ कधी ना कधी विकायला येतंच. माझ्याकडेही आलं. पंजात मावेल एवढं, अक्रोडी लाकडाच्या मुठीचं. घोडा चढवला की आत दडलेला चाप खाली उतरायचा. राजाने ते मंडालेहून कपड्यांत लपवून आणलं, अशी कहाणी विकणाऱ्याकडे तयार होती. मी भिंगातून शिक्का पाहिला. अंडाकृती चौकटीत ई-एल-जी ही अक्षरं, खाली चांदणी, वर मुकुट. हा बेल्जियममधल्या लिएज शहराचा नळीपरीक्षेचा शिक्का, आणि त्यावर मुकुट आला १८९३ पासून. थिबाचं ब्रह्मदेशातलं राज्य गेलं १८८५ मध्ये, त्याला रत्नागिरीत आणलं १८८६ मध्ये. हे सांगितल्यावर गृहस्थांनी थिबाला बाजूला सारलं आणि थेट नानासाहेब पेशव्यांना पुढे केलं!

लिएज आणि बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतून अशी खिशातली पिस्तुलं ढिगांनी बाहेर पडली. त्यामुळे वस्तूचे पैसे द्या, गोष्टीचे नकोत. शिक्का दाखवायला जो का-कू करतो, त्याच्याकडचा चहा घ्यावा आणि उठावं.

पण फसवणुकीत पैसेच जातात. खरा घोर कायद्याचा. ‘शंभर वर्षांचं आहे हो, त्याला कसलं लायसन्स!’ हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता वाद घालत नाही, कलम दाखवतो. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचं कलम ४५ कालबाह्य, पुरातन किंवा नादुरुस्त हत्याराला सूट देतं खरं, पण दुरुस्ती करूनही ते झाडता येणार नसेल तरच. घोड्याची स्प्रिंग तुटली म्हणजे पिस्तूल मेलं असं होत नाही. २०२० च्या नियमबदलात ‘क्युरिओ’ वर्गातली हत्यारं विनापरवाना बाळगायला मोकळीक मिळाली. ती घेऊन फिरायला, दुसरीकडे न्यायला किंवा वापरायला मात्र परवाना लागतोच. आणि आपली वस्तू कशात बसते, हे दुकानदाराने ठरवायचं नसतं, आपणही नाही. पैसे मोजण्याआधी फोटो जोडून जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेकडे अर्ज करा आणि उत्तर लेखी घ्या. महिने लागले तर लागू देत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना अग्निशस्त्राला किमान दोन आणि कमाल पाच वर्षांची कैद आहे.

राजापूर तालुक्यात आमच्या नात्यातलं एक जुनं घर उतरवताना माळ्यावरच्या पेटीत असंच एक ठासणीचं पिस्तूल निघालं. ‘काका, पिशवीत घालून एसटीने घेऊन येतो,’ पोरगा फोनवर म्हणाला. म्हटलं, हात लावू नकोस, मीच येतो. गेल्यावर आधी केपाची टोपी बसलेली नाही ना, ते पाहिलं. नळीचं तोंड रिकाम्या परसाकडे ठेवून, स्वतः बाजूला राहून, बांबूची बारीक काडी हलकेच आत सोडली. टेकली तिथे पेन्सिलीने खूण केली आणि काडी नळीला बाहेरून लावून पाहिली. टोक नळीच्या बुडापासून दोन बोटं अलीकडेच थांबलं होतं. आत दारू आणि गोळी तशीच होती! कोरडी राहिलेली काळी दारू शंभर वर्षांनीही पेट घेते. सकाळपासून ते बहिणीवर रोखून ‘ठो’ करत बसलेल्या पोराचा चेहरा पांढराफटक पडला. उपसायच्या फंदात कोणी पडलं नाही. खोलीला कुलूप लावलं आणि पोलीस ठाण्याला कळवलं. काडी आत जाते म्हणून नळी रिकामी, असं कधीही धरून चालू नये. शंका आली तर काडीच्याही वाटेला न जाता आधी ठाण्यात फोन करावा.

घरी ठेवलेल्या हत्याराला आपल्या खाऱ्या हवेत पावसाळ्याआधी पातळ तेलाचा हात हवाच. चामड्याच्या म्यानात मात्र ठेवू नका, ते ओल धरतं. चिंच-ब्रासोने तर मुळीच घासू नका. शिक्के झिजले की वस्तूची ओळखही गेली आणि किंमतही.

परदेशातल्या भाच्याला भेट पाठवायचा विचार असेल तर तो सोडा. शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. नुसती पाहायची हौस असेल तर मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि पुण्याचं केळकर संग्रहालय आहेतच. घरात ठेवणाऱ्याने प्रत्येक नगाची पावती, फोटो आणि कार्यालयाचं पत्र एका फाइलीत लावावं आणि ती कुठे आहे हे बायकोमुलांना सांगून ठेवावं. आपल्या मागे हवालदाराला उत्तर त्यांनाच द्यायचंय.