तरंगतेय तोवर ठरव

बाबू, होडी मोडायचीच असेल तर ती तरंगतेय तोवर मोड. खाडीत नुसती बांधून ठेवलीस की एका पावसाळ्यात पाणी भरतं, दुसऱ्यात ती गाळात बसते. मग उपसायला जेवढा खर्च येतो तेवढे तिच्या सागाचेही येत नाहीत. ‘बघू गणपतीनंतर’ म्हणणाऱ्यांच्या होड्यांचे सांगाडे प्रत्येक खाडीत ओहोटीला उघडे पडतात आणि भरतीला दुसऱ्यांची जाळी फाडतात.

आधी सुताराला बोलव, गिऱ्हाईकाला नंतर. फळी बदलता येते, वाक म्हणजे फासळ्या बदलता येतात. पठाण, म्हणजे होडीचा तळाचा कणा, गेलं की मात्र होडी गेली. पठाणाला फळी मिळते तिथे आणि इंजिनाच्या बैठकीखाली सुरीचं टोक खुपसून बघ. लोण्यात गेल्यासारखं आत गेलं तर पुढचं बोलू. लाकूड कुजतं ते बहुतेक पावसाच्या गोड्या पाण्यानं. खाऱ्यात भीती पोखरणाऱ्या किड्याची. तो बाहेरून टाचणीएवढी भोकं दाखवतो आणि आतून सगळं खातो. म्हणून वरचा रंग बघून कुणी ‘अजून पाच वर्षं जाईल’ म्हणालं तर ऐकू नकोस, तो बहुधा विकणारा असतो.

आता कागद. इथे मी जरा जास्त बोलणार, कारण पोरं इथेच घाई करतात. २००८ साली मुंबईवर हल्ला करणारे आले ते पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारी नौका पळवून. तेव्हापासून किनाऱ्यावर होडीच्या नंबराकडे बघण्याची नजरच बदलली. तुझ्या नावावरची होडी तू तोंडी व्यवहारात कुणाला दिलीस आणि ती उद्या नको तिथे सापडली, तर पोलीस दार तुझंच ठोठावणार. तेव्हा विकायची असेल तर आधी नाव बदलून घे. मोडायची असेल तर नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्याला लेखी कळव, नोंदणीचा दाखला आणि मासेमारीचा परवाना परत कर आणि अर्जाच्या प्रतीवर पोचेचा शिक्का घे. सोसायटीचं किंवा बँकेचं कर्ज असेल तर बेबाकी दाखला हातात आल्याशिवाय फळीला हात लावायचा नाही. कर्ज फिटेपर्यंत होडीवर त्यांचाही हक्क असतो. सवलतीच्या डिझेलच्या यादीतून होडीचं नाव काढून घे. मोडण्याआधी नंबरासकट चारही बाजूंनी फोटो काढ, मग नंबर खरवडून टाक.

आणि जुनी मोडून नवी बांधायचा विचार असेल, तर मोडायच्या आधी मत्स्यव्यवसाय खात्याच्या कचेरीत जाऊन विचार. जुनी गेली की नवीची परवानगी आपसूक मिळते, असं धरून चालू नकोस.

होडीवरचा वायरलेस, जीपीएस आणि संकटात इशारा द्यायचं यंत्र स्वतः काढून घे. ते यंत्र होडीच्या नावानं नोंदलेलं असतं. भंगाराच्या ढिगात कुणा पोरानं त्याचं बटण दाबलं तर तटरक्षक दल तुला शोधायला निघेल.

मोडायला होडी काठावर ओढायची ती शिमग्याला. मे अखेरीस नको. १ जूनच्या मासेमारीबंदीआधी सगळ्यांच्या होड्या वर येतात, जागा नाही, माणसं नाहीत. होळी पौर्णिमेनंतर दुसऱ्या दिवशीच्या उधाणावर होडी जेवढी वर जाईल तेवढी ने. मग पाणी उतरत भांगावर जातं, भरती तिथपर्यंत पोचत नाही आणि तुला कोरड्यात काम करायला आठ-दहा दिवस मिळतात. पुढच्या अमावास्येच्या उधाणाआत सगळं आटोपलं पाहिजे, नाहीतर अर्ध्या फळ्या समुद्र नेईल.

इंजिन मात्र त्याआधी, होडी धक्क्याला असतानाच हायड्रा क्रेननं उचलून घे. होडी हलकी होते, ओढायला निम्मी माणसं पुरतात. इंजिनातलं तेल आणि होडीच्या तळातलं काळं पाणी डब्यात भर. खाडीत सोडलंस तर तिथल्या कालवांना आणि तिसऱ्यांना महिनोन्‌महिने रॉकेलचा वास येईल आणि घरच्या बायकाच तुला शिव्या घालतील. बॅटरी नवीच्या बदल्यात दुकानदार घेतो. पितळी पंखा लोखंडाच्या वजनात घालू नकोस. भंगारवाला घालायला बघेलच. डिझेलची टाकी धुऊन पाण्यानं भरल्याशिवाय गॅसकटर लावायचा नाही. मासळीचा खण बंद असेल तर झाकण उघडून रात्रभर वारा खेळू दे आणि एकट्यानं आत उतरू नकोस. कुजक्या खणातली हवा माणसाला हाक मारायलाही वेळ देत नाही.

लाकडाचे खिळे उपसून काढ, कंटाळा आला तरी. आत एक खिळा राहिला तर करवतीचं पातं जातं, म्हणून वखारवाला अशा फळीला हातच लावत नाही. चांगला साग बाकाला, दाराला, वाडीतल्या साकवाला जातो. रंगाचे तुकडे बंबात किंवा चुलीत घालायचे नाहीत. जुन्या रंगात शिसं असतं, तळाच्या रंगात तांबं. उरलेलं तिवरांत फेकायचं तर मुळीच नाही, २०१८ साली उच्च न्यायालयानं कांदळवनाबद्दल फार कडक सांगितलंय.

समुद्रात नेऊन बुडवू, असं सुचवणारा शहाणा प्रत्येक वाडीत असतो. त्याला त्याची जाळी तिथे टाकायला सांग.

फायबरची होडी असेल तर यातलं निम्मं लागू नाही. ती कुजत नाही, तिला वखारवाला नाही, भंगारवाला नाही. जाळलीस तर धूर विषारी, कापलीस तर धुरळ्यात काच. कापावीच लागली तर पाणी मारत, नाकाला नीट मास्क आणि अंगभर कपडे घालून काप, आणि तुकडे कुठे टाकायचे ते नगरपालिकेकडून आधी लिहून घे. धडकी असेल तर मोडूच नकोस, खाडीतल्या मासेमारीला किंवा पलीकडे माणसं न्यायला कुणाला तरी कागद करून दे. आणि नवी फायबरची घ्यायला गेलास की बांधणाऱ्याला किमतीच्या आधी एवढं विचार: म्हातारी झाली की ही तू परत घेशील का? हसेल तो. तरी विचार.