रिहॅबिलिटेट म्हणजे नुसतं पुनर्वसन?

मनमाडच्या रेल्वे वर्कशॉपात पुलांचे गर्डर बनतात, म्हणून 'रिहॅबिलिटेट' म्हटलं की मला आधी पूलच आठवतो. मूळ लॅटिन 'हॅबिलिस', म्हणजे सक्षम. जुना पूल पुन्हा भार पेलण्याजोगा करणं, अपघातग्रस्ताला पुन्हा चालतं करणं, दोन्ही रिहॅबिलिटेशनच. आपण मात्र सरसकट 'पुनर्वसन' लिहितो. त्यात 'वस्' धातू आहे, म्हणजे राहणे. पुलाचं कसलं पुनर्वसन? तिथे 'मजबुतीकरण' लिहावं.

'पुनर्वसन' शोभतं धरणग्रस्तांना. कोयना धरण १९६४ साली पूर्ण झालं. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा राज्याचा कायदा १९७६ चा! आणि नुसता प्लॉट मिळाला, पण हाताला काम नाही, तर माणूस वसला खरा; सक्षम झाला का? उद्या प्रोजेक्ट रिपोर्टात हा शब्द लिहिताना एवढं जरूर तपासा.