यादी बाजूला ठेवा, धागा धरा

आईबाबांनो, मुलांना घेऊन न्यूझीलंडला जायचं ठरलं की आधी यादी होते. राजधानी वेलिंग्टन, म्हणजे संग्रहालय, केबल कार, संसद, सगळं एका दिवसात. मग फेरीबोटीने दक्षिण बेटावर, आणि पुढे कॅम्परव्हॅन पळेल तितकी. दोन-चार दिवसांत मूल चिडचिडं होतं आणि आपण म्हणतो, एवढा खर्च करून आणलं, पण याला कशाचं काही नाही! मला मनापासून वाटतं, दोष मुलाचा नसतो. आपण त्याला ठिकाणं दाखवतो, त्यांना जोडणारी गोष्ट सांगत नाही.

वेलिंग्टनमध्ये ती गोष्ट पायाखालीच आहे. हे शहर भूकंपप्रवण भूमीवर वसलंय. लॅम्टन की या बाजारपेठेच्या रस्त्यावर १८४० साली समुद्र कुठवर होता, ते दाखवणाऱ्या खुणेच्या पट्ट्या फुटपाथवर बसवल्या आहेत. मुलाला एवढंच सांगा, ‘पट्ट्या शोध.’ एखादी सापडली की ते स्वतःच विचारेल, मग समुद्र गेला कुठे? काही जमीन माणसांनी भराव घालून मिळवली, काही १८५५च्या मोठ्या भूकंपाने वर उचलून दिली. मूल क्रिकेटवेडं असेल तर तिथून बेसिन रिझर्व्ह गाठा. त्या पाणथळ जागी जहाजांसाठी गोदी करायचा बेत होता. त्याच भूकंपाने जमीन वर आली, गोदी राहूनच गेली आणि पुढे तिथे क्रिकेटचं मैदान झालं. आज तिथे कसोटी सामने होतात.

‘ते पापा’ हे राष्ट्रीय संग्रहालय सहा मजली आहे. सगळं बघायचा हट्ट नका धरू. तिथलं भूकंपाचा अनुभव देणारं छोटं हलतं घर दाखवा आणि मग सांगा, ही अख्खी इमारत शिसं आणि रबराच्या ठोकळ्यांवर उभी आहे. जमीन हलली तरी वरच्या इमारतीपर्यंत धक्का कमी पोचावा, यासाठी न्यूझीलंडच्याच बिल रॉबिन्सन या शास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात ती युक्ती काढली. संसदभवनाखालीही असेच आधार आहेत.

त्या संध्याकाळी घरी आजी-आजोबांना फोन लावून द्या. आपल्याकडे तेव्हा दुपार असते. ११ डिसेंबर १९६७चा कोयनेचा भूकंप किंवा ३० सप्टेंबर १९९३ची किल्लारीची पहाट त्यांना आठवत असेल. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून लोक झोपले होते. ते सगळं नातवंडाला त्यांच्याच तोंडून ऐकू द्या. आपण मध्ये बोलायचं नाही.

मग कुकची सामुद्रधुनी ओलांडून दक्षिण बेटावरचं पिक्टन. फेरीला साधारण साडेतीन तास लागतात. गाडी आपल्यासारखी डाव्या बाजूनेच चालवायची असली, तरी रस्ते वळणांचे आहेत. मुलं बरोबर असताना दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त चालवू नका. मागे पलंग असतो म्हणून चालत्या गाडीत मुलांना त्यावर झोपवायचं नाही. सात वर्षं पूर्ण होईपर्यंत वयाला साजेसं सुरक्षा आसन तिथे कायद्यानेच सक्तीचं आहे, ते गाडी ठरवतानाच मागून घ्या. आणि मुलाला खरं काम द्या. टाकीत पाणी किती उरलंय हे बघणं त्याच्याकडे सोपवा. सांडपाणी ठरलेल्या जागीच रिकामं करायचं असतं, तेव्हाही त्याला बरोबर घ्या. नळ सोडून दात घासू नको, हे मग तेच आपल्याला सांगेल.

पिक्टनहून कायकोऊरा सुमारे दीडशे किलोमीटर. १४ नोव्हेंबर २०१६ला इथे ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. दरडींनी महामार्ग आणि रेल्वे गाडून टाकली. रस्ता पुन्हा सुरू व्हायला वर्षाहून जास्त काळ गेला. किनाऱ्यालगतचा समुद्रतळ काही ठिकाणी कित्येक मीटर वर आला. या रस्त्यावर ओहाऊ पॉइंटला सील खडकांवर पहुडलेले असतात. तिथे गाडी थांबवा. फोटो काढायची घाई करू नका, शेजारी उभे राहा. लॅम्टन कीवरची पट्टी आणि हे खडक यांचं नातं मुलाला स्वतःहून जुळवू द्या. त्यात तास गेला आणि पुढचं एखादं ठिकाण राहून गेलं, तर खुशाल राहू द्या.