शेतातलं नाणं : रोमन की नहपानाचं?

प्रश्न : रोह्याजवळ शेत नांगरताना चांदीचं छोटं नाणं मिळालं. एका बाजूला राजाचा चेहरा, भोवती इंग्रजीसारखी अक्षरं. रोमन असेल का?

उत्तर : असू शकेल. रोह्याच्या कुंडलिका नदीच्या मुखाजवळचं चौल हे ‘पेरिप्लस’ या रोमन काळातल्या सागरी व्यापाराच्या ग्रीक मार्गदर्शिकेतलं सेमुल्ला बंदर मानतात. पण चेहरा आणि ग्रीक वळणाची अक्षरं पश्चिम भारतावर राज्य केलेल्या क्षत्रप नहपानाच्या नाण्यांवरही असतात.

आधी वजन करा. रोमन दिनार पावणेचार ग्रॅमच्या आसपास, नहपानाचं नाणं सुमारे दोन ग्रॅम. मग मागची बाजू पाहा. बाण आणि वज्र असेल, तर नहपान. ढाली-भाले घेतलेले दोन तरुण असतील, तर सम्राट ऑगस्टसचे दत्तक वारस गायस आणि लुसियस. पुढची सत्ता कुणाची, हे असं नाण्यांवरून घरोघर पोचायचं.

आपल्याकडेही हेच राजकारण होतं. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला नहपानाची तेरा हजारांवर नाणी सापडली. त्यांतल्या नऊ हजारांवर नाण्यांवर नहपानाला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचे छाप मारले होते. हरलेल्या राजाच्या चेहऱ्यावरच विजयाची घोषणा!

तुमचं नाणं चिंच-लिंबाने घासू नका. जमिनीत मिळालेलं असल्याने १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार अलिबागला जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा. सापडलेली नेमकी जागाही नोंदवा. अभ्यासकाला नाण्याइतकीच ती मोलाची.